सुई नवीन आहे ना?

रक्त तपासायला बाबा कधीच नाही म्हणत नाहीत. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतात. असे पुढचे आठवडे चार वर्षं चालले होते, आणि आजोबांचा पाय मधुमेहामुळे कापावा लागला हे घरात सगळ्यांना माहीत आहे. टोचण्याची त्यांना भीती नाही. ती सुई आधी कुणाच्या हातात घुसली होती, याची आहे.

त्यांच्या लहानपणी गावच्या डॉक्टरांकडे काचेची सिरिंज होती. स्टोव्हवर उकळायची, पुढच्या पेशंटला वापरायची. किती वेळ उकळली, ते डॉक्टरच जाणोत. शिवाय 2009 साली गुजरातमध्ये मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ आली, ती वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळेच. म्हणजे हा बग काल्पनिक नाही, प्रॉडक्शनमध्ये सापडलेला आहे. अशा माणसाला ‘काही होत नाही हो’ म्हणणं म्हणजे ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणण्यासारखं.

म्हणून मी त्यांना यंत्रणाच समजावली. आता बऱ्याच लॅब सिरिंजनं रक्त ओढत नाहीत. नळीतच निर्वात पोकळी असते. सुईला दोन टोकं असतात: एक शिरेत जातं, दुसरं रबरी आवरणाखाली. नळी होल्डरमध्ये ढकलली की मागचं टोक तिच्या बुचात घुसतं आणि रक्त आपोआप, मापात भरतं. जांभळ्या बुचाची नळी एचबीएवनसीला, राखाडी साखरेला. सुई बंद प्लास्टिकच्या डबीत येते, डबीच्या जोडावर सील असतं. ते आपल्यासमोर तुटलं पाहिजे. आधीच तुटलेलं असेल तर दुसरी सुई मागायची. साधी सिरिंज असेल तर पाकीट समोर फोडायला सांगायचं. काम झालं की सुई टोचून फाटणार नाही अशा पांढऱ्या डब्यात जाते. 2016च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत तसंच आहे.

बाबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “आणि तो होल्डर? तोही नवा का?”

अशा टेस्टरला आमच्या टीमनं डोक्यावर घेतलं असतं. सुई-होल्डर एकत्रच टाकून द्यावेत अशीच शिफारस आहे, पण पैसे वाचवायला काही ठिकाणी होल्डर पुन्हा वापरतात. त्यामुळे तोही नवा मागायचा, असं ठरलं.

रविवारी सकाळी सात वाजता लॅबचा मुलगा घरी आला. मी चहा टाकत होते, तर बाहेरून बाबांचा आवाज, “दादा, सुई नवीन आहे ना? आणि होल्डर?” मला वाटलं, आता हा वैतागणार. त्यानं डबी बाबांच्याच हातात दिली. “काका, तुम्हीच सील बघा.” बाबांनी चष्मा लावून एक्स्पायरी डेटसुद्धा वाचली. होल्डरही त्यानं नवा काढला. टोचताना बाबा दुसरीकडे बघत नव्हते, सुईकडेच बघत होते.

संध्याकाळी रिपोर्ट आला. एचबीएवनसी 7.4. मधुमेहाची रेषा 6.5ला आहे. बाबांनी फोन टेबलावर उलटा ठेवला.

“म्हणजे आता दर तीन महिन्यांनी?”

“हो.”

“मग त्याच मुलाला पाठवायला सांग.”