घर जसे आहे तसे

गावाकडचे जुने घर विकायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो असा : आधी डागडुजी करून, रंग देऊन मग विकावे, की आहे त्या स्थितीत देऊन मोकळे व्हावे? तुमच्यापैकी काहींच्या घरी हा प्रश्न सध्या चर्चेत असेल. तो निव्वळ पैशाचा प्रश्न आहे असे आपण धरून चालतो. मीही तसेच धरले होते, आणि त्या समजुतीची किंमत माझ्या वडिलांना मोजावी लागली. म्हणून आरोग्याच्या पाक्षिकात घरविक्रीविषयी लिहिते आहे.

आमचे घर मानवतचे. परभणीहून पाथरीकडे निघाले की वाटेत लागणारे हे तालुक्याचे गाव कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. मोंढ्यातल्या एका अडत दुकानात ते चाळीस वर्षे मुनीम होते. घर आजोबांनी विकत घेतलेले. त्याचे खरेदीखत उर्दूत आहे, साल फसली १३४५, म्हणजे इसवी सन १९३५-३६, आणि किंमत हाली रुपयांत. त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. पुढे १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपले, पण आमच्या घराचा मूळ कागद कायम अण्णांच्या पत्र्याच्या पेटीत उर्दूतच राहिला.

घर माळवदाचे. नव्या पिढीला माळवद सांगावे लागते : सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडाचे आच्छादन आणि त्यावर मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात, मृग निघण्याआधी, वर पांढरी माती टाकून ती चोपून घ्यायची. एक वर्ष चुकले की पहिल्या पावसात घरात घमेली मांडावी लागतात. भिंती दीड-दोन हात रुंदीच्या, मातीच्या. आत बळद, बाहेर ओसरी, आणि भिंतीभिंतीत देवळ्या. उन्हाळ्यात त्या घराइतके थंड घर मी दुसरे पाहिले नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसे अशाच दगडमातीच्या भिंती आणि जड छपरांखाली गेली, तेव्हापासून आई त्या माळवदाखाली निवांत झोपली नाही.

आई गेल्यावर अण्णा एकटे राहिले. वय सत्त्याऐंशी. आधी किल्ल्या हरवू लागल्या, मग रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली गेली, मग एके दिवशी शेजारच्या वहिनींचा फोन आला की गॅस तसाच चालू होता. त्यांना छत्रपती संभाजीनगरला माझ्याकडे आणायचे आणि घर विकायचे, असे मी आणि पुण्याच्या धाकट्या भावाने ठरवले. अण्णांना आम्ही सांगितले, विचारले नाही. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नव्हता.

मध्यस्थ घर बघून गेला. म्हणाला, "ताई, रंग मारा, फरशी बसवा, ह्या देवळ्या बुजवून भिंत सपाट करा. गिऱ्हाईक आत आलं की मन बसलं पाहिजे. दोन लाख वर येतील." भावाला ते पटले, मलाही. मे महिन्यात कामाला माणसे लावली. दोन लाख मिळवण्यासाठी एक लाख दहा हजारांचा अंदाज काढला होता. जुन्या मातीच्या भिंतीला हात लावला की असले अंदाज टिकत नाहीत, हे पहिल्या आठवड्यातच कळले.

भिंती खरवडायला सुरुवात झाली तशी घरभर धूळ उडाली. अण्णांना खोकला लागला. त्यांची खाट ओसरीवरून उचलून मधल्या खोलीत टाकली, आणि दोन दिवसांनी तिथूनही हलवून परत ओसरीच्या दुसऱ्या टोकाला. खाटेच्या डाव्या हाताला जी देवळी होती, तिच्यात त्यांचा चष्मा, कवळीचा डबा आणि बॅटरी असे. त्या सपाटून काढलेल्या भिंतीत ती देवळीही बुजवली. गवंड्याने विचारले होते, "ही पण घ्यायची का?" मी मान हलवली होती.

त्या रात्री अण्णा लघवीसाठी उठले. डावा हात भिंतीकडे नेला असणार. हाताला देवळी लागली नाही, बॅटरी नाही, दिशाही नाही. सिमेंटच्या गोणीला अडखळून ते उंबरठ्यावर पडले. परभणीला नेले. मनगटाचे हाड मोडले होते; खुबा वाचला, एवढेच नशीब. पण खरे संकट दुसऱ्या दिवशी सुरू झाले. मला ते आत्या समजू लागले, रात्रभर जागे राहून पट्टी सोडू लागले, मोंढ्यात गाड्या उभ्या आहेत म्हणून उठू लागले. डॉक्टरांनी त्याला डिलिरियम म्हणतात असे सांगितले. वृद्ध माणसात वेदना, जागरण, संसर्ग, नवी औषधे, अनोळखी जागा यांपैकी कशानेही असा अचानक भ्रम होऊ शकतो. दिवसभरात तो कमीजास्त होत राहतो. विसरभोळेपणा आधीच सुरू झालेला असेल तर धोका अधिक. बहुतेकदा तो ओसरतो, पण काहींना पूर्वपदावर यायला आठवडे लागतात. तुमच्या घरातला वृद्ध एका रात्रीत बदललेला दिसला, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नऊ दिवसांनी अण्णांना घरी आणले. ओसरीवर बसवले. त्यांनी पांढऱ्या सपाट भिंतीकडे पाहिले आणि मला म्हणाले, "बाई, आता आमच्या घरी सोडा." माझ्या वडिलांनी मला 'बाई' आणि 'सोडा' म्हणावे! मी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ पाण्याचा नळ तसाच वाहू दिला.

काम थांबले होते. मागच्या भिंतीचा गिलावा काढल्यावर दिसले की भिंतीला पोट सुटले आहे आणि एका तुळईचे टोक वाळवीने खाल्ले आहे. गवंडी म्हणाला, वरून जाळी मारून गिलावा केला की काही दिसणार नाही. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, करून टाकू, घेणारा बघून घेईल." अण्णा जवळच बसले होते. त्या दिवशी त्यांचे डोके स्वच्छ होते. त्यांनी विचारले काय चालले आहे, आणि मी खरे ते सांगितले. तेव्हा ते म्हणाले, "गाडीत वर पांढरा कापूस अन् खाली कवडी. असला माल मी जन्मभर परत धाडला. आता माझ्याच घरात भरता का?"

पुढे वकिलांकडून समजले की मुनीमाचा तो दंडक कायद्यातही आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते की विकणाऱ्याला ठाऊक असलेला, आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने पाहूनही न कळणारा, महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. म्हणजे गिलाव्याखाली झाकलेली पोटफुगी भिंत हा केवळ सदसद्विवेकाचा प्रश्न नाही. भावाला मी तसे कळवले. तो दोन दिवस बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी येऊन स्वतः गोण्या उचलू लागला.

आहे तसे विकायचे ठरले. आणि मग कळले की खरी तयारी तर आम्ही केलीच नव्हती. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचेच नाव होते! आजोबा १९७१ साली वारले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वकष्टाच्या घरात मुलाइतकाच मुलीचाही हिस्सा. अर्थात सेलूच्या आत्यांचा. त्यांची सही नसती तर इटालियन फरशी बसवूनही घर विकले गेले नसते. वारस नोंद, आत्यांचे हक्कसोडपत्र, नगरपरिषदेची घरपट्टी, विजेची थकबाकी, उर्दू खताचे मराठी भाषांतर, यांत अडीच महिने गेले. या सगळ्याला रंगाच्या एका हातापेक्षा कमी पैसा लागला.

आत्या वय वर्षे एक्क्याऐंशी, नातवाच्या आधाराने आल्या. हक्कसोडपत्र विनामोबदला कराल का, हे विचारताना माझी जीभ जड झाली होती. त्या म्हणाल्या, "आधी घर तर बघू दे." बळदाच्या तोंडाशी उभ्या राहून लहानपणी तिथे लपल्याचे सांगत राहिल्या, आणि मग बुजवलेल्या देवळीवर हात फिरवून, "ही कोणी मोडली?" म्हणाल्या. मी गप्प राहिले. सही त्यांनी केली. पण विक्रीच्या पैशातून अण्णांनी त्यांच्या नावावर काही रक्कम ठेवावी असे मी सुचवले, आणि अण्णांनी ती माझ्या मनातल्या आकड्याच्या दुप्पट सांगितली.

अण्णांच्या सहीचा प्रश्न नाजूक होता. विसर पडणारा माणूस दस्तावर सही करतो तेव्हा त्याला व्यवहार समजतो आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. नाहीतर पुढे भावंडांत नाहीतर न्यायालयात तोच मुद्दा निघतो. आम्ही डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेतले, सकाळची वेळ निवडली, कारण सकाळी ते अधिक स्वच्छ असतात. आजारी व्यक्तीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न्यावेच लागते असेही नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात अधिकाऱ्याने घरी येऊन दस्त नोंदवण्याची तरतूद आहे, तिला गृहभेट म्हणतात. त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. ही सोय माहीत नसल्यामुळे खुर्चीत घालून म्हाताऱ्यांना जिने चढवणारी मुले मी पाहिली आहेत.

घर घेतले दोन गल्ल्यांपलीकडच्या एका कुटुंबाने. भिंतीचे पोट, वाळवी, सगळे मी त्यांना हात लावून दाखवले. घरमालक हसून म्हणाले, "ताई, आम्ही पाडूनच बांधणार." त्यांना हवी होती जागा, रस्त्याकडची रुंदी, आणि सागवान. लाकडाची किंमत त्यांनी वेगळी धरली. म्हणजे आमच्या अर्धवट रंगाची किंमत शून्य. तालुक्याच्या गावात जुन्या माळवदाच्या घराचे बहुधा असेच होते. घेणारा जमीन घेतो. पुण्यातल्या सदनिकेचे गणित निराळे. तिथे घेणारा लगेच राहायला येतो, गळका नळ आणि बुरशीची भिंत पाहून किंमत पाडतो, तेव्हा थोडी डागडुजी फळते. म्हणून रंगाचा डबा आणण्याआधी एवढेच शोधा की येणारा राहायला येतो आहे की पाडायला. प्राप्तिकराचेही एक सांगून ठेवते : बांधकामात भर घालणारा खर्च नफ्याच्या हिशेबात धरता येतो, नुसती रंगरंगोटी सहसा नाही, आणि १ एप्रिल २००१ पूर्वीच्या घरासाठी त्या दिवशीची वाजवी किंमत धरण्याची सवलत आहे. सनदी लेखापालांना सौदा होण्याआधी भेटा, नंतर नव्हे.

मध्यस्थाच्या दोन लाखांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ते आम्हाला मिळाले नाहीत. अपुऱ्या कामावर सत्तर हजार गेले, रुग्णालयात त्याहून जास्त. हा हिशेब मी अण्णांच्या जुन्या चोपडीत मांडून ठेवला आहे, कारण भावाला आणि मला तो अधूनमधून वाचावा लागतो.

अजूनही घरात वृद्ध राहत असताना काम काढणे भागच असेल, तर त्यांची खोली शेवटी घ्या, आणि ते काम चालू असताना त्यांना घराबाहेर, ओळखीच्या माणसांत ठेवा. खाटेपासून न्हाणीपर्यंतची वाट एक दिवसही अडवू नका. आणि त्यांच्या हाताला रोज लागणाऱ्या वस्तू, मग त्या कितीही जुन्या आणि भिंतीची शोभा घालवणाऱ्या असोत, त्यांना विचारल्याशिवाय हलवू नका.

अण्णा आता माझ्याकडे असतात. निघताना त्यांची लोखंडी खाट, आईने शिवलेली वाकळ आणि पत्र्याची पेटी सोबत आणली. इथे खाट अशी लावली आहे की न्हाणीघर मानवतसारखेच पायाच्या बाजूला, उजवीकडे येते. रात्री मंद दिवा असतो. डाव्या हाताला, जुन्या देवळीच्या उंचीवर, सुताराकडून एक लाकडी फळी ठोकून घेतली. उंची आत्यांनी फोनवर सांगितली : खाटेवर बसल्यावर खांद्याच्या जरा वर. चष्मा, कवळीचा डबा, बॅटरी. पहिले तीन आठवडे ते रात्री दोन-तीनदा हाक मारत. आता बहुतेक रात्री मला फक्त बॅटरीची कळ दाबल्याचा आवाज ऐकू येतो, आणि मी पुन्हा झोपते.