तांदळातलं नाव

उन्हाळी सुट्टीत मुलीने उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची दोन पुस्तकं माझ्या हाती दिली. पहिलं, ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८), दोन बैठकींत संपलं. समुद्र, ड्रॅगन, गेड नावाचा जादूगार. पानं भराभर उलटत गेली.

त्याचा पुढचा भाग, ‘द टूम्ब्ज ऑफ अतुआन’ (१९७१), घेतला आणि अडखळलो. गेडचा पत्ताच नाही! वाळवंटातलं एक देवस्थान, तिथे आणलेली एक लहान मुलगी. सूत कातणं, विधी, कंटाळा. उजेडाला बंदी असलेल्या गुहेत ती भिंती चाचपत फिरते, पुढच्या भुयारांची वळणं पाठ करते. गेड उगवतो तो पाचव्या प्रकरणात. मी कुरकुरलो, तर मुलगी म्हणाली, “बाबा, पेपर तपासल्यासारखं वाचू नका.”

दुपारी आईच्या उशाशी बसून वाचत होतो. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ती पडून होती.

“येन ओदाकत्ती?” तिने विचारलं. तिचं माहेर धारवाडकडचं. दुखणं आलं की ती कन्नडमध्येच बोलते. मीही अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या मराठीत गोष्ट सांगू लागलो. मुलीचं नाव तेनार. पुजारीण करताना तिचं नाव काढून घेतात आणि तिला ‘अर्हा’ म्हणतात. म्हणजे ‘गिळली गेलेली’.

आई छताकडे बघत म्हणाली, “माझं गौरव्वा होतं.”

लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘सुलोचना’ लिहिलं, हा किस्सा आमच्या घरात हसत सांगितला जाई. रेशनकार्डावर सुलोचना, मतदार यादीतही सुलोचना. जुन्या नावाचं काय झालं, हे आम्हा भावंडांपैकी कुणी कधी विचारलं नव्हतं.

“अण्णा होता तोवर गौरव्वा म्हणून हाक मारायचा,” ती म्हणाली. “आता कुणी नाही.”

त्यानंतर मी घाई सोडली. गेड काठीच्या टोकाशी उजेड करतो आणि वर्षानुवर्षं हाताने चाचपलेली ती गुहा मुलीला पहिल्यांदाच दिसते, स्फटिकांनी लखलखणारी. आधीची संथ पानं मी गाळली असती, तर तो उजेड नुसता जादूचा प्रयोग वाटला असता. अंधारात तिच्याबरोबर चाचपडलो, म्हणून तो दिसला. पुढे गेड तिला तिच्या जुन्या नावाने हाक मारतो.

पुस्तक संपलं त्या संध्याकाळी आईने विचारलं, “ती पोरगी बाहेर पडली? मग तिला काय म्हणतात?”

“तेनार.”

“बरं झालं,” आई म्हणाली आणि कुशीवर वळली.

थोड्या वेळाने मुलगी चहा घेऊन आली. मी तिला दारातच थांबवून हळूच काहीतरी सांगितलं. ती आत गेली आणि म्हणाली, “गौरव्वा आजी, चहा.”

आई पटकन उठून बसली.