दांडिया बाजार ते पावागड

गेल्या नाताळापूर्वी, आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात, आम्हांस सहकुटुंब बडोद्यास जाण्याचा योग आला. पश्चिम रेल्वेच्या नोकरीत जोडलेले आमचे एक स्नेही तेथे दांडिया बाजारात राहतात. सारी गल्ली त्यांना नाना म्हणते व त्यांच्या पत्नीस माई. तेव्हा आम्हीही येथे तेच म्हणू.

आमच्या वसईकडील वाचकांनी दांडिया बाजाराचे नावही कदाचित ऐकले नसेल. गुजरातच्या भर मध्यावर वसलेला हा मराठी माणसांचा जुना मोहल्ला. गायकवाडांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबे बडोद्यास गेली, त्यांच्यातील कित्येकांची आता कितवी पिढी येथे नांदत आहे हे त्यांनाच ठाऊक नाही. येथील मराठी ऐकण्यासारखी असते. क्रियापद आपले, नाम गुजराती, आणि सूर दोहोंच्या मधला! जवळच सूरसागर तलाव, आणि त्याच्या काठी १८८६ साली निघालेल्या गायनशाळेची वास्तू. दिवाण भाऊ तांबेकर यांचा चौमजली लाकडी वाडा व त्याच्या भिंतींवरील चित्रे पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. अरविंद घोष बडोद्याच्या नोकरीत होते तेव्हा ज्या घरात राहत, ते घरही याच वस्तीत आहे. आणि व्यायामाची आवड असलेल्यांनी जुम्मादादा व्यायाम मंदिर चुकवू नये. प्रोफेसर माणिकरावांनी तेथे शरीर कमावण्याची विद्या शिकवली. नाना लहानपणी याच आखाड्यात मल्लखांबास लोंबकळत असत. ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी सांगतात आणि पुढील सर्व प्रकार तिच्यातूनच उद्भवला, असे आमचे मत आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा ओसरीतील झोपाळ्यावर एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका पडली होती. तिच्यावर बर्फाच्छादित शिखरे, हिरवी कुरणे, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. पुण्यास नोकरीला असलेल्या मुलीने वडिलांसाठी आल्प्स पर्वतातील पायी सहलीचा बेत ठरविला होता. दहा-बारा माणसांचा जथा, पुढे एक जाणता वाटाड्या, रोज पाच-सहा तास चालणे, आणि सायंकाळी डोंगरातील हॉटेलात गरम पाण्याचे स्नान, मऊ बिछाना व पोटभर जेवण. सामानाची पेटी मोटारीने पुढे जाते. पाठीवर केवळ पाण्याची बाटली व पावसाळी डगला. नानांनी माँ ब्लाँ पर्वताच्या प्रदक्षिणेचा काही भाग निवडला होता. ती पुरी प्रदक्षिणा सुमारे १७० किलोमीटरांची असून फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते.

नानांनी अभ्यासही बराच केला होता. स्वित्झर्लंडातील पायवाटांवर पिवळ्या पाट्या असतात आणि त्यांवर पुढचे गाव किती मैलांवर आहे हे न लिहिता तेथवर चालण्यास किती वेळ लागेल ते लिहितात, हे त्यांनी आम्हांस समजावून सांगितले. पायवाटा राखण्याचे कलम त्या देशाने १९७९ साली जनमत घेऊन आपल्या राज्यघटनेत घातले. आमच्या गावातील बावखलाकडे जाणारी पाऊलवाट कुंपण घालून कोणी गिळली ते आठवून आम्ही एक निःश्वास टाकला.

आम्हीही आमची पुंजी काढली. आल्प्समध्ये वाटसरूस निवारा देण्याची चाल हॉटेलांच्या फार पूर्वीची. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, २,४६९ मीटर उंचीवर, मेंथोनच्या संत बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात धर्मशाळा काढली. तेथील धर्मबंधू व त्यांचे थोराड कुत्रे बर्फात चुकलेल्यांस शोधून आणीत. ती धर्मशाळा अद्याप वाटसरूंना उतरवून घेते. १९२३ साली याच संतांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित करणारे परमगुरू अकरावे पायस स्वतः पट्टीचे गिर्यारोहक होते. मिलान शहरातील ग्रंथालयात काम करणारे फादर आकिल्ले रात्ती असताना, १८८९ साली, त्यांनी मोंते रोझा पर्वत त्याच्या बिकट पूर्व बाजूने चढून पार केला आणि एक रात्र शिखराजवळ खडकाच्या चिंचोळ्या कडेवर काढली. ही हकीगत ऐकून नानांना भलताच हुरूप आला. "बघा, पुस्तकातला माणूस मोंते रोझा चढतो, मग हिशेबातल्या माणसाने माँ ब्लाँची नुसती फेरी का मारू नये?"

नानांचे वय अडुसष्ट. डॉक्टरांनी हृदयास हरकत घेतली नव्हती. उजव्या गुडघ्यास घेतली होती. सहलीचे पैसे जानेवारीत भरावयाचे होते, व ती रक्कम नानांच्या निवृत्तीच्या ठेवीतून निघणार होती. भरल्यानंतर माघार घेतली तर त्यातील थोडेच परत मिळणार. म्हणून मुलीने अट घातली: आधी पावागड चढून दाखवा, तोही सहलीत चालावे लागेल त्याच रीतीने.

पावागड बडोद्यापासून सुमारे ५० किलोमीटर. सपाट मुलुखातून एकाएकी उठलेला हा डोंगर सुमारे ८०० मीटर उंचीचा असून त्याच्या पायथ्याशी चांपानेर आहे. महमूद बेगडा याने दीर्घ वेढ्यानंतर १४८४ साली हा गड घेतला व खाली राजधानी वसविली. १५३५ मध्ये हुमायूनने ती जिंकली आणि पुढे शहर ओस पडले. शिल्लक राहिलेल्या मशिदी, कोट व विहिरी मिळून हे स्थळ २००४ पासून जागतिक वारसा आहे. येथील जामा मशिदीच्या खांबांवरील कोरीव कामापुढे आम्ही तासभर उभे होतो व नाना घड्याळ पाहत होते.

चांपानेरचाच एक तरुण वाटाड्या ठरविला होता. सामान मोटारीने माचीवरच्या एका हॉटेलात धाडले. नाना नवे बूट व दोन काठ्या घेऊन सज्ज. माई नेहमीच्या चपला घालून आणि पिशवीत दशम्या घेऊन. आमची मंडळी माईंच्या सोबतीला.

मोटारीची सडक सोडून आम्ही जुन्या वाटेने, पडक्या दरवाजांखालून चढू लागलो. वाटाड्या सावकाश चालण्यास सांगत होता. "उतावळ नथी, काका," असे तो तीनदा म्हणाला. नाना मात्र आखाड्यातील पोरासारखे पुढे. खापरा झवेरीच्या महालापाशी, जेथे खालची दरी उघडी पडते, तेथे सर्व टेकले. याच डोंगरात विश्वामित्री उगम पावते आणि बडोदे शहरातून, मगरींना अंगाखांद्यावर वागवीत, वाहत जाते. २०२४ च्या ऑगस्टात तिने शहरात केवढा हाहाकार केला ते माई सांगू लागल्या. नाना उठले तेव्हा त्यांनी काठीवर भार घेऊन तोंड क्षणभर वळविले. ते आम्ही पाहिले. रात्री हॉटेलात ते गुडघ्यास मलम चोळीत होते, तेही पाहिले. आम्ही काही बोललो नाही. स्नेह्याचा हिरमोड करणे जिवावर आले, आणि सकाळपर्यंत बरे वाटेल असे आम्ही स्वतःस सांगितले.

दुसऱ्या दिवशी पायऱ्या. कालिकामातेच्या दर्शनास जाणाऱ्यांची रीघ लागलेली. बाळास कडेवर घेतलेल्या बाया, अनवाणी म्हातारे. दुधिया तलावापर्यंत नाना नेटाने आले. तेथे पाण्याच्या कडेला बसून दशम्या खाल्ल्या, आणि आता उतरावयाचे म्हणून उठतो तोच दहाव्या पावलावर त्यांचा पाय लटपटला. वाटाड्याने दंड धरला म्हणून बरे. शेजारून एक लेकुरवाळी बाई उतरत होती.

वाटाड्याने त्यांना बसविले, गुडघा चाचपला व विचारले, "केव्हापासून दुखते?"

नाना म्हणाले, "आत्ताच."

वाटाड्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "कालपासून."

नानांनी आमच्याकडे जे पाहिले ते आम्ही विसरणार नाही. माचीपासून येथवर १९८६ पासून रज्जुमार्ग आहे. वाटाड्या म्हणाला, काकांनी त्यातून खाली जावे. नाना ऐकेनात. आल्प्समध्ये काय असे पाळणे असतात, असा त्यांचा सवाल होता. (असतात, व पुष्कळ असतात, पण ती वेळ सांगण्याची नव्हती.) वाटाड्या पोरसवदा खरा, तथापि हलला नाही. काका पडले तर एकटे पडणार नाहीत, एवढेच तो म्हणाला.

आम्हांस मॅटरहॉर्न आठवला. १४ जुलै १८६५ रोजी सात जणांनी ते शिखर प्रथम गाठले. उतरताना त्यांच्यातील नवख्या तरुणाचा पाय घसरला, तो वाटाड्या क्रोझ याच्यावर आदळला, एकाच दोरात बांधलेले आणखी दोघे ओढले गेले, दोर तुटला आणि चौघेही दरीत गेले. चढताना सर्व सुखरूप होते.

अखेर माई बोलल्या. "अहो, बसा त्यात. मी खाली येते तोवर चहा सांगून ठेवा."

नाना पाळण्यात बसले. उरलेले आम्ही पायऱ्या उतरलो. तेव्हा आमच्या ध्यानात आले की दोन दिवसांत माईंना एकदाही धाप लागली नव्हती. त्या वाटाड्याशी गुजरातीत गप्पा मारीत, त्याच्या आईची विचारपूस करीत, एका लयीत उतरत होत्या. त्यांच्याकडून कळले की घराचे तीन जिने दिवसातून आठ-दहा वेळा होतातच, आणि भाजीस त्या आजन्म पायीच गेल्या आहेत. आमच्या मंडळींनी विचारले, "माई, तुम्हांला नाही वाटत आल्प्सला जावेसे?" माई चार पायऱ्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला कोणी विचारलंय कुठे?"

माचीवर नाना बाकावर बसले होते. चहाचे पेले मांडून ठेवलेले, त्यांवर बशा झाकलेल्या. माई शेवटच्या वळणावरून येताना दिसल्या तसे ते त्यांच्या पावलांकडे पाहत राहिले. आमच्याशी ते बडोदे येईपर्यंत बोलले नाहीत.

रात्री जेवणे झाल्यावर झोपाळ्यावरून त्यांनी मुलीस फोन लावला. गुडघ्याची हकीगत स्वतःच सांगितली, काही न लपविता. नंतर म्हणाले, "जागा दोनच ठेव. माझ्या नावावर काट मार आणि आईचे घाल." पलीकडे बराच वेळ शांतता असावी. आत भांडी आवरण्याचा आवाज थांबला.

"अहो, माझा पासपोर्ट कुठाय?" माई दारात येऊन म्हणाल्या.

"काढू. उद्याच अर्ज भरू," नाना म्हणाले, व आमच्याकडे वळून, "तुमचे अक्षर बरे आहे, तुम्ही बसा शेजारी." आता अर्ज संगणकावर भरतात हे त्यांस ठाऊक होते, परंतु आम्ही होय म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघण्यापूर्वी माई फोटो काढून घेण्यास गेल्या. परत आल्या त्या एकच शंका घेऊन. तिथल्या हॉटेलात सकाळी साडेपाचला स्वयंपाकघरात जाऊन आपला चहा आपण करून घेऊ देतात का, हे पुस्तिकेत कोठे लिहिले आहे काय? नानांनी चश्मा लावला आणि पहिल्या पानापासून शोधू लागले.