फिरत्या लाकडाशी

मनगटाचं प्लास्टर निघालं आणि कधीपासून मनात असलेलं लेथवरचं कातकाम एकदाचं सुरू केलं. आंब्याचा चौकोनी ठोकळा फिरू लागला की कोपरे दिसेनासे होतात. उरते एक धूसर कड, आत घट्ट गाभा. गोल पटाशी टेकणीवर ठेवायची, तिची पाठ लाकडाला लावायची, मग मूठ हळूहळू उचलायची. तेव्हा कुठे भुसा थांबून लांब ढलपी सुटते. जोर नकोच, हे मनाला पटता पटत नाही. आजवर सगळं रेटूनच तर केलं! चन्नपट्टणचे कारागीर लाखेची कांडी फिरत्या खेळण्याला नुसती टेकवतात. घर्षणानंच ती वितळते, रंग चढतो. माझा हात कधी तसा सैलावेल का, कोण जाणे. नवशिक्यांनी मात्र बाह्या दुमडाव्यात, डोळ्यांवर चष्मा चढवावा आणि वेग कमीच ठेवावा.