गारगोटीवरचा गंज

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या डोईफोडियाच्या आसपासचा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा. अशा दगडाच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, झिओलाइट घडतात आणि दगडातलंच लोह गंजून त्यांच्यावर तांबूस थर चढवतं. तो थर उतरवायचं औषध आज दिवसभर डोक्यात होतं.

फरशी पॉलिश करणारे वापरतात ते ऑक्झॅलिक ॲसिड गारगोटीला चांगलं. गंजातलं लोह ते पाण्यात उतरवतं. पण ते विषारी, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. कॅल्साइटवर मात्र त्याने पांढरा, न विरघळणारा थर बसतो आणि झिओलाइटला ॲसिड सोसत नाही.

अशा नाजूक स्फटिकांसाठी कापड रंगवणाऱ्यांचं हायड्रोस, म्हणजे सोडियम डायथायोनाइट, सौम्य. बुऱ्हाणपूर तर कापडाचंच शहर. सोबत सोडियम सायट्रेट आणि खायचा सोडा घालायचा: हायड्रोस गंज सोडवतं, सायट्रेट लोह धरून ठेवतं, सोडा आम्लता आवरतो. वास उग्र, म्हणून काम उघड्यावर; नंतर भरपूर स्वच्छ पाणी.

एक मात्र मनाशी पक्कं केलंय. तांबड्या अकीकाचा रंगही लोहाचाच. वर चढलेला गंज काढावा. अंगात मुरलेलं लोह हे त्या दगडाचं रूप आहे, ते जपावं.