बेरीज की वजाबाकी?

मैत्रिणींनो, ‘आई, यात बेरीज की वजाबाकी?’ हा प्रश्न तुमच्याही स्वयंपाकघरात येत असेलच. आपले हात कणकेत, कुकरची शिट्टी होत असते. आपण पटकन सांगून मोकळ्या होतो. इथे पनवेलला मी वर्गात मुलांना शांतपणे शिकवते, पण घरच्या मुलापुढे धीर सुटायचा.

गणित साधंच होतं. मीनाने ८ पेरू वाटले, १५ उरले; आधी किती होते? ‘वाटले’, ‘उरले’ दिसताच चिरंजीवांनी वजाबाकी केली. उत्तर ७! मी फार रागावले. दुसऱ्या दिवसापासून तो गणिताची वही लपवू लागला. तेव्हा मात्र मी चरकले.

हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ सालच्या आपल्या पुस्तकात चार पायऱ्या सांगितल्या आहेत. गणित समजून घ्या, रीत ठरवा, त्या रीतीने सोडवा आणि उत्तर पुन्हा तपासा. शेवटची पायरी म्हणजे आपला जुना ताळाच की!

मग तेच गणित आम्ही पुन्हा घेतलं. आधी गोष्ट त्याच्याच शब्दांत सांगायला लावली. पेरूंचं चित्र काढलं. काय दिलंय, काय काढायचंय, ते लिहिलं. मग विचारलं, ‘सातच पेरू होते, तर मीनाने आठ वाटले कसे?’ तो खुदकन हसला. स्वतःच ७ खोडून त्याने २३ लिहिले.

वेळ लागतो, कधी भाजीही खाली लागते. पण वही आता ओट्याशेजारी उघडी असते.