दोन बहिणी, एकच दुखणं

आमच्या अम्मीला आणि खालाला एकाच दुखण्यानं गाठलं. अम्मी पुण्यात राहायची, भवानी पेठेत. घराबाहेर पडलं की दहा मिनिटांत चार दवाखाने. खाला लग्न होऊन उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आताच्या धाराशिव) एका खेड्यात गेली. तिथं एस.टी. दिवसातून दोनदा यायची. अम्मीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. खाला मात्र सत्तरी ओलांडून हिंडतीफिरती आहे, रमजानचे सगळे रोजे ठेवते. शहरातली गेली आणि खेड्यातली वाचली, हे कसं झालं ते सांगावं म्हणून हे लिहायला बसलो आहोत. विषय बायकांच्या आजाराचा आहे. वाचताना थोडा संकोच वाटेल. आम्हालाही लिहिताना वाटतो आहे.

आम्ही बी.एड. करत होतो त्या काळातली गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत खालाकडे गेलो होतो. एका सकाळी दोन बायका हातात रजिस्टर घेऊन दारात आल्या. घरात तीस ते एकोणसाठ वयाच्या किती बायका आहेत, विचारलं. मग ओसरीवर बसून त्यांनी समजावून सांगितलं, की गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होण्याआधीच ओळखता येतो, तपासणी गावातच होईल, बाईच तपासेल, पैसे पडणार नाहीत, आणि नको असेल तर नको म्हणा. खालू आधी तयार नव्हते. "आमच्या घरच्या बाया असल्या तपासणीला जात नाहीत," म्हणाले. त्या बायकांनी वाद घातला नाही. चहा घेतला, निघून गेल्या आणि दोन दिवसांनी पुन्हा आल्या. तिसऱ्या खेपेला खालाच उठली आणि बुरखा घालून त्यांच्याबरोबर गेली.

काही दिवसांनी निरोप आला, की तपासणीत काही सापडलं आहे, बार्शीला या. घरात रडारड झाली. पण तो कॅन्सर नव्हता. पुढं कधी तरी कॅन्सर होऊ शकेल अशा पेशी होत्या. बार्शीच्या दवाखान्यात त्या गोठवून नष्ट केल्या आणि खाला संध्याकाळी घरी परत आली. नंतर ईदला पुण्यात आली तेव्हा तिनं अम्मीला सांगितलं, "आपा, तू भी दिखा ले." अम्मी म्हणाली, "मेरेकू क्या हुआ? तौबा, इस उमर में कोन दिखाने जाता?" विषय तिथंच मिटला. आम्ही तेव्हा शिकलेसवरलेले होतो, पण तोंडातून एक शब्द काढला नाही.

पुढं पाच-सहा वर्षांनी आमच्या लक्षात आलं, की अम्मी रात्री उशिरा मोरीत कपडे धुते. नमाजच्या वेळी बराच वेळ आत असते. कधी नमाज चुकवते आणि विचारलं तर चिडते. पाळी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि तिला पुन्हा रक्त जात होतं. आपण पाक आहोत की नाही, नमाज होते की नाही, या घोरात ती आठ महिने होती. हेही तिनं कुणाला विचारलं नाही आणि डॉक्टरकडेही गेली नाही. ती याला हया म्हणायची. आम्ही मुलं घरात होतो आणि आम्हाला दिसत होतं. पण आईला असं कसं विचारायचं, म्हणून आम्हीही गप्प बसलो.

शेवटी पहाटेची सिंहगड एक्स्प्रेस पकडून दादर आणि तिथून परळचं टाटा हॉस्पिटल. तिसरी स्टेज. मग किरणोपचार आणि त्याच्या जोडीला केमो. त्या काही महिन्यांत आम्ही एक वेगळीच वस्ती पाहिली. परळच्या त्या रस्त्यांवर बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ, कोकण असे सगळीकडचे लोक फायली छातीशी धरून बसलेले असतात. आम्ही दादरच्या एका धर्मशाळेत उतरलो होतो. शेजारी सोलापूरकडची एक मावशी नवऱ्याला घेऊन आली होती. ती अम्मीसाठी पातळ भात करायची आणि आम्ही तिच्या नवऱ्याचे रिपोर्ट वाचून दाखवायचो. कोण कुठल्या धर्माचा, हे तिथं कुणी विचारत नाही. "कुठला कॅन्सर, किती केमो झाले," एवढंच विचारतात. रमजान तिथंच आला. इफ्तारीला खजूर सगळ्यांना वाटली. पुढच्या उन्हाळ्याआधी अम्मी अल्लाहला प्यारी झाली.

खालाच्या दारात आलेलं ते रजिस्टर आणि परळची ती इमारत यांचा संबंध आम्हाला फार उशिरा कळला.

टाटा मेमोरियल हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. तिथं उपचार होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिथं संशोधनही चालतं हे फार थोड्यांना माहीत असतं. 1952 साली शेजारीच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं आणि 1966 साली दोन्ही मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं. त्या संशोधन केंद्राच्या एक संचालिका डॉ. कमल रणदिवे आपल्या पुण्याच्या. आज हे सेंटर होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे आणि संशोधनासाठी खारघरला त्याचं स्वतंत्र आवार आहे. पण यांचं सगळं संशोधन प्रयोगशाळेत होत नाही. काही संशोधन खालाच्या ओसरीवरही झालं.

बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून 1999 साली उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू केला. त्यात 1,31,746 बायका होत्या. गावांचे 52 गट पाडले आणि सोडत काढून त्यांची चार भागांत विभागणी केली. एका भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरसारखा पातळ अर्क लावून नुसत्या डोळ्यांनी. चौथ्या भागात माहिती दिली, पण तपासणी केली नाही. 2009 साली निष्कर्ष छापून आले. चौथ्या भागात या कॅन्सरनं 64 बायका दगावल्या होत्या. एचपीव्हीची तपासणी झालेल्या भागात 34. दोन्हीकडच्या बायकांची संख्या जवळपास सारखीच होती आणि तपासणी आयुष्यात फक्त एकदा झाली होती.

खालाचं गाव तपासणीच्या भागात आलं, ही तिची किस्मत. आम्ही तिला हा अभ्यास समजावून सांगितला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "और बाजूके गांव की औरतां?" आमच्याकडे याचं उत्तर नव्हतं. एका भागातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, हा प्रश्न पुढं जाणकारांनीही विचारला आहे. संशोधन करणाऱ्यांचं म्हणणं, की त्या काळी गावात अशी तपासणी कुणाचीच होत नव्हती आणि तुलना केल्याशिवाय काय उपयोगी पडतं ते कळलं नसतं. दोन्ही बाजू ऐकल्या तरी त्या 64 बायका मनातून जात नाहीत. त्यांच्यामुळे आपल्याला जे कळलं, ते आपण वापरलं नाही तर मात्र दोष आपला.

कळलं ते असं. हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. म्हणजे सापडायला आणि उपचार करायला भरपूर वेळ असतो. तपासणीत विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. हा विषाणू वैवाहिक संबंधातून पसरतो आणि नवऱ्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे यात बाईच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. तरीही आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो.

आता तर लसही आहे आणि तिच्या गोष्टीत आपलं पुणं आहे. 2009 साली दहा ते अठरा वर्षांच्या मुलींवर या लसीचा एक अभ्यास सुरू झाला. पुणे आणि बार्शी ही त्यातली दोन ठिकाणं. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहायचं होतं. दुसऱ्या एका प्रकल्पात पालकांची संमती नीट घेतली नव्हती, त्यावरून देशभर गदारोळ झाला आणि एप्रिल 2010 मध्ये सरकारनं सगळीकडचंच लसीकरण थांबवलं. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्या मुलींकडे पुढं दहा वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं, की एका डोसनंही चांगलं संरक्षण मिळतं. डिसेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसचा पर्याय मान्य केला, त्याला या मुलींचाही आधार होता. त्याच वर्षी हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या पहिल्या भारतीय लसीला मंजुरी मिळाली.

आमची लेक तेरा वर्षांची आहे. घरात लसीचा विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "इतक्या लहान पोरीला ही लस कशाला?" शेजारून कानावर आलं, की लस घेतली तर पुढं मूल होत नाही. आम्ही डॉक्टरांना विचारलं. मूल न होण्याचा आणि लसीचा काही संबंध नाही. लस लहान वयात देतात, कारण विषाणू शिरण्याआधी दिली तरच ती पुरेपूर काम करते. गोवराची लस आपण गोवर येण्याआधी देतो, तसंच हे.

मग आम्ही शिक्षिकांनी मिळून शाळेत आयांची सभा घेतली. पुरुष शिक्षकांना त्या दिवशी लवकर घरी पाठवलं. आम्ही फळ्यावर आकृती काढून सगळं सांगितलं, पण समोर सगळ्या माना खाली. खाला त्या आठवड्यात आमच्याकडे आली होती, मागच्या बाकावर बसून ऐकत होती. ती उठून पुढं आली आणि म्हणाली, "मेरेपास दवाखाना खुद चल को आया, मैं गई, बच गई. मेरी आपा के बाजू में दवाखाना था, वो नै गई. अब तुमना क्या करना, देख लेव." त्यानंतर एकेक प्रश्न येऊ लागले आणि सभा तासभर लांबली. निघताना अकरा जणींनी तपासणीसाठी नावं दिली. त्यातल्या दोघींनी आम्हाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की त्यांना मध्येच रक्त जातं. किती दिवसांपासून? एकीला चार महिने झाले होते, दुसरीला वर्ष. आम्ही दुसऱ्याच दिवशी त्यांना स्त्री-डॉक्टरकडे घेऊन गेलो.

लेकीला लस दिली. ती सुईला घाबरते, म्हणून खालानं तिचा हात धरला होता.

वाचक बहिणींनो, पाळी बंद झाल्यावर रक्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर जात असेल, अंगावरून घाण वास येणारं पाणी जात असेल, तर याच आठवड्यात दाखवा. काहीच होत नसेल तरी तिशीनंतर एकदा तपासणी करून घ्या आणि पुन्हा कधी यायचं ते डॉक्टरांना विचारा. मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असेल तर लसीबद्दल आणि डोस किती, ते विचारा. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी करावीच लागते. आणि भावांनो, घरातली बाई रात्री उशिरा एकटीच कपडे धुताना दिसली, तर तिच्याशी बोला. आमच्या घरात आम्ही आठ महिने गप्प राहिलो होतो.